वाढत्या मापाची खुर्ची

६ फेब्रुवारी

आई,

नमस्कार. घ्यायचा की नाही ते तुमच्याकडे, मी केला आहे.

फोन तुम्ही उचलत नाही म्हणून पत्र लिहितो. कामाचंच विचारायचं आहे. गुंडीला परवा सहा महिने पूर्ण झाले. लस टोचायला नेलं तेव्हा डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता दुधाच्या जोडीला वरचं सुरू करा, पण मांडीवर आडवं घेऊन भरवू नका, ताठ बसवून भरवा, नाहीतर ठसका लागेल. म्हणजे तिला उंच खुर्ची घ्यायला हवी, पुढे वाटी ठेवायला फळी असते तसली. तुम्ही बावीस वर्षं पाळणाघर चालवलंत. खुर्चीत बसून जेवणारी मुलं तुमच्याइतकी माझ्या ओळखीत कुणीच पाहिलेली नाहीत. तेव्हा सांगा, लाकडाची घ्यावी की प्लास्टिकची? घडीची चालते का? आमचं स्वयंपाकघर तुम्हाला माहीतच आहे. फ्रिजचं दार उघडायचं तर माणसाला बाहेर जावं लागतं.

गुंडी हे नाव दुकानातल्या काजवाल्या बाईंनी ठेवलं. मी कापतो आणि शिवतो, त्या काजं करतात आणि गुंड्या लावतात, अकरा वर्षं आमचं असंच चाललं आहे. तिला पहिल्यांदा दुकानात नेलं तेव्हा म्हणाल्या, "शिंप्याच्या पोरीला दुसरं काय म्हणायचं? आणि तोंड बघा की कसं गोल!" तेव्हापासून तेच चिकटलं. कागदोपत्री तिच्या नावाची जागा अजून कोरी आहे. तुमच्या लेकीने एक नाव ठरवलं होतं, पण मला सांगितलं नव्हतं. "जरा स्थिरस्थावर होऊ दे, मग सांगते. आत्ता सांगितलं तर तू नाक मुरडशील," म्हणाली होती. तुम्हाला सांगितलं असेल तर तेही कळवा.

सकाळी आठ ते एक तिला वरच्या मजल्यावरच्या काकू सांभाळतात. दुपारनंतर मी काम घरी आणतो. ती बरी झोपते, मीही झोपतो. लोक विचारतात कसा आहेस, मी ठीक म्हणतो आणि ते खोटं नसतं. सुई बोटात गेली तर कळतं, दुखत मात्र नाही. काम नीट होतं.

जिन्यात तुम्ही जे बोललात ते मी विसरलेलो नाही. पण खुर्चीचा त्याच्याशी काही संबंध नाही. लाकडाची की प्लास्टिकची, एवढंच सांगितलंत तरी चालेल.

तुमचा जावई


१९ फेब्रुवारी

आई,

उत्तर आलं नाही. हरकत नाही, पोर काही उत्तराची वाट बघत वाढायची थांबत नाही. शेवटी मीच जाऊन आलो. काजवाल्या बाईंना बरोबर नेलं, त्यांना तीन नातवंडं आहेत.

आई, खुर्च्या म्हणजे एक ना धड भाराभर चिंध्या. एक होती मऊ गादीची, खाली चाकं, वर लोंबती खेळणी. बाई म्हणाल्या, "हिच्यात पोर बसवायचं की नवरदेव?" घडीची उघडून बघताना तिच्या फटीत माझंच बोट सापडलं, तेव्हा ती तिथेच मिटवली. एक चांगली शिसवी रंगाची होती, पण तिच्या नक्षीत गेलेलं गाजर काढायला दाभण लागलं असतं. मग एक साधी, पांढऱ्या प्लास्टिकची. चार पाय पसरट, फळी खटकन निघणारी, ना गादी ना नक्षी. बाईंनी ती हलवून बघितली, उलटी करून बघितली. म्हणाल्या, "डोळे झाकून ही घ्या. नळाखाली धरली की झालं."

मी विचारलं, किती वर्षं पुरेल? दुकानातली मुलगी म्हणाली, दोन, फार तर अडीच. आणि मग तिने पाचवी दाखवली. लाकडी, मजबूत, बैठक वरखाली करता येणारी. म्हणाली, "ही सहा वर्षांपर्यंत चालते, काका."

मी गुंडीचं माप घेऊन गेलो होतो. टेप गळ्यातच असतो. माप घेताना तिने त्याचं टोक तोंडात घातलं, त्यामुळे एक ते तीन आकडे आता नीट वाचता येत नाहीत. छाती सतरा. बैठकीपासून गुडघ्यापर्यंत सहाला जरा कमी. त्या खुर्चीची बैठक दहा इंच खोल. बाई म्हणाल्या, "नाकापेक्षा मोती जड व्हायचा. पाय अधांतरी राहतील पोरीचे."

पण आमच्या धंद्याची सवय तुम्हाला ठाऊक आहे. लहान मुलाचं माप घेतलं की दोन इंच जास्त धरायचे, शाळेचा गणवेश असला तर तीन. पोर वाढतं, कपडा वाढत नाही. मी म्हटलं, मधली मोकळी जागा भरायला मी गादी शिवीन. खरं सांगायचं तर मला त्या खुर्चीत सहा वर्षांची गुंडी बसलेली दिसली. गणवेश घातलेली, स्वतःच्या हाताने जेवणारी, कुणाचीही गरज नसलेली. मधली वर्षं दिसली नाहीत. खुर्ची उद्या घरी येईल.

निघताना त्या मुलीने सहज विचारलं, "बाळाची आई नाही आली बघायला?" बाई पटकन म्हणाल्या, "नाही जमलं तिला." मला ते उत्तर आवडलं. तेव्हापासून मी तेच वापरतो.

आता विषय निघालाच आहे तर लिहूनच टाकतो. त्या सकाळी तिने मला सांगितलं होतं, अंग जरा गरम आहे. बाळ नऊ दिवसांचं होतं. मी कपाळाला हात लावला. मला वाटलं, आहे थोडं. दुकानात इस्पितळाचे साठ पांढरे कोट द्यायचे होते. तीच म्हणाली, तू जा. मी गेलो. साठही कोट पुरे करून संध्याकाळी आलो तेव्हा ती मला ओळखत नव्हती. पुढचं तुम्हाला माहीत आहे. पांढरं कापड आता मी घेत नाही, मालक ते दुसऱ्याला देतात.

तीन दिवसांनी जिन्यात बाळाला माझ्या हातून घेऊन तुम्ही म्हणालात, "ही मला दे. हे कापड नाही, चुकलं तर उसवायला." मी तिला परत घेतलं आणि दार लावलं. त्याला सहा महिने झाले. तुम्ही चूक होतात असं मी तेव्हाही म्हटलं नव्हतं.

तुमचा जावई


१ मार्च

आई,

खुर्ची आली. बरी आहे. गादी शिवली, रेक्झिनची, पुसली की स्वच्छ होते. गाजर खाते, बटाटा थुंकते.

हनुवटीखाली थोडं लाल झालं आहे. दात येताना लाळ गळते, त्याने होतं म्हणतात.

इकडे सगळं ठीक. तुम्ही काळजी करू नये.

तुमचा जावई


११ मार्च

आई,

तुमचं पार्सल मिळालं. पिवळा स्वेटर. चिठ्ठी शोधली, खोका उलटा करून झटकला, कागदाच्या घड्या उघडून बघितल्या. चिठ्ठी नव्हती. पण टाके तुमचेच, कडेला दोन उलट एक सुलट. तुमच्या लेकीचा निळा स्वेटर कपाटात आहे, त्याची कड अशीच आहे.

स्वेटर गुंडीच्या डोक्यातून जात नाही. बाही कोपरापर्यंत पोचली आणि अडली. तिला वाटलं मी खेळतो आहे, खूप हसली. मग मी टेप लावला. तो बारा दिवसांच्या बाळाचा स्वेटर आहे, आई. तुम्ही तिला बघितलंत तेवढीच ती तुमच्याकडे राहिली आहे.

तुम्ही मागचं माप धरलंत, मी पुढचं धरलं. आज ती केवढी आहे ते दोघांपैकी एकानेही बघितलं नाही. तुमच्या मापाने काही बिघडलं नाही. माझ्याने बिघडलं, आणि मागच्या पत्रात मी ते लपवलं. ती लाली लाळेची नाही.

झालं ते असं. त्या खुर्चीला दोन पट्टे आहेत. एक कमरेला, दुसरा बैठकीतून वर येतो आणि दोन पायांच्या मधून जाऊन कमरेच्या पट्ट्याला अडकतो. मी गादी शिवली. कडा दुमडल्या, कोपरे बसवले, अगदी दुकानात ठेवावी अशी झाली. फक्त मधला पट्टा वर यायला तिच्यात चीर ठेवली नाही. अकरा वर्षं मी कापतो आणि शिवतो. काज ठेवायचं माझ्या हाताला माहीतच नाही, ते पुढे बाई करतात. गादी पुरी झाली असं मला वाटलं. मधला पट्टा गादीखाली दबून राहिला, आणि तो नाही हे मला दिसलंही नाही. कमरेचा पट्टा मी सवयीने दोन इंच सैल ठेवला, जेवल्यावर पोटाला काचू नये म्हणून.

अट्ठावीस तारखेला सकाळी गाजर भरवत होतो. चमचा खाली पडला. तो धुवायला वळलो. नळ सोडला, चमचा धुतला, पुसला. तेवढ्या वेळात मागून आवाज येईनासा झाला. वळून बघितलं तर खुर्चीत पोर नाही. फळीच्या वर नुसतं डोकं आणि दोन हात. ती पट्ट्याखालून घसरत गेली होती आणि हनुवटी फळीच्या कडेला अडकली होती. पाय खाली लोंबत होते, टेकायला काही नव्हतं. तोंडाचा रंग मी लिहीत नाही.

मी एका हाताने तिला खालून वर उचललं. फळीची कळ सापडेना. कात्री ओट्यावर होती, पट्टा कापला आणि तिला बाजूने ओढून काढलं. मग ती रडली. इतक्या जोरात रडली की वरच्या काकू धावत खाली आल्या. त्या विचारत होत्या काय झालं, काय झालं, आणि मी म्हणालो, चमचा पडला.

तिला लगेच डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मान, गळा, श्वास सगळं तपासलं, काही नाही म्हणाल्या. मग घरी येऊन मी वाटी धुतली, पुसली, जागेवर ठेवली आणि दुकानात गेलो. दुपारी सुईत दोरा ओवता येईना. बाईंनी काही न विचारता माझ्या हातातली सुई घेतली, ओवून दिली. पुन्हा दोरा संपला, पुन्हा ओवून दिली. तिसऱ्यांदा मी त्यांना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "गादी घेऊन या उद्या." दुसऱ्या दिवशी त्यांनी गादीच्या बरोबर मध्यावर हाताने काज केलं, दुहेरी टाक्याचं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हे मला आधी दाखवलं असतंत तर." त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

सहा महिन्यांत मला काही वाटलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं. भीती वाटली, आणि दुसरं असं वाटलं की ही मला कुणालाही द्यायची नाही. द्यायची नाही हे मी जिन्यातही म्हटलं होतं, पण तेव्हा हट्टाने म्हटलं होतं.

तुम्ही बोललात ते खरं ठरलं, हे मी तुम्हाला माझ्या हाताने लिहून देतो आहे. हे वाचून तुम्ही तिला न्यायला आलात आणि चार माणसांसमोर हे पत्र ठेवलंत, तर माझ्याकडे बोलायला काही उरणार नाही. बाई म्हणाल्या, "कशाला आपल्या पायावर धोंडा मारून घेता? लाळेचं लिहिलंय ना, मग लाळेचंच राहू द्या." पण एक ताप मी थोडा आहे असं म्हणून सोडून दिला. लाली तरी तशी सोडायची नाही.

स्वेटर परत पाठवतो आहे, राग मानू नका. लोकर चांगली आहे, पडून राहू नये. सोबत माप देतो. छाती साडेसतरा. डोक्याचा घेर सतरा. बाही सात. खांद्यापासून कमरेपर्यंत साडेनऊ. हे आज सकाळी घेतलेलं माप आहे. वर काही जास्त धरलेलं नाही. पंधरा दिवसांत जुनं होईल.

तुमचा जावई


२० मार्च

तुझी चारही पत्रं मिळाली. आली त्या त्या दिवशी वाचली.

आधी खुर्चीचं. नळाखाली धुता येते तीच खुर्ची घ्यायची असते. तुझ्या बाई शहाण्या आहेत, त्यांचं ऐकत जा. आता घेतलीच आहेस तर टाकू नकोस. पोरीचे पाय टेकतील अशा उंचीवर आडवी फळी ठोक, घट्ट. पाय टेकले की मूल खाली सरकत नाही. पाठीमागे टॉवेलची गुंडाळी ठेव. आधी मधला पट्टा, मग कमरेचा, तुझी दोन बोटं जातील एवढाच सैल, मग पुढची फळी. चमचा पडला तर पडू दे. एका वेळी तीन चमचे घेऊन बसायचं, उठायचं नाही.

पाळणाघरात माझ्या हातून दोनदा असं झालं होतं. एकदा खुर्चीतून, एकदा झोपाळ्यावरून. दोन्ही मुलं वाचली. संध्याकाळी त्यांच्या आया न्यायला आल्या तेव्हा मी त्यांना काही सांगितलं नाही. म्हटलं, दात येताहेत म्हणून किरकिर करतंय. तुझं एक मार्चचं पत्र वाचलं तेव्हाच मला कळलं होतं. म्हणून स्वेटर पाठवला. चिठ्ठी लिहायला बसले होते, लिहिता आली नाही.

जिन्यात मी तुला बोलले. पण ती जायच्या आदल्या रात्री तिचा मला फोन आला होता. आई, अंग गरम वाटतंय म्हणाली. मी म्हटलं, बाळंतिणीला येतो थोडा ताप, पाणी पी, झोप. माझं तिकीट दोन दिवसांनंतरचं होतं. त्या रात्रीची गाडी मिळत होती. बावीस वर्षं दुसऱ्यांची मुलं सांभाळली, आणि तिला म्हटलं, झोप. हे मी तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. त्याऐवजी कापडाचं बोलले.

स्वेटर उसवला. लोकर कुरळी झाली होती, वाफ दिली, सरळ झाली. तू दिलेल्या मापाने परत विणायला घातला आहे. तुझं माप बरोबर आहे की नाही ते मला इथून कळत नाही, म्हणून बाह्या पाच इंचांवर थांबवल्या आहेत. बाकीच्या तिच्या हाताला लावून पुऱ्या करीन. रविवारी सकाळच्या गाडीने येते. तिला न्यायला नाही. मागच्या खोलीतली पेटी हलव, मला तिथे झोपायला जागा लागेल.

नावाचं विचारलं होतंस. तिने मला ताप सांगितला, नाव नाही सांगितलं. पोराच्या बापाला आधी सांगेन, म्हणाली. तेव्हा ते आता आपल्यालाच ठेवावं लागेल. एक-दोन तू सुचव, एक-दोन मी सुचवते, आणि नाक मुरडायचं असेल तर मुरड. गुंडी हे काही नाव नव्हे.

आई